बीपीची गोळी चालू, आकडा बरोबर, तरी चक्कर: आधी काय तपासायचं, मग काय

निवृत्त झाल्यापासून मी जळगावातल्या आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात आठवड्यातून एकदा बीपी मोजायला बसते. आधीची सगळी नोकरी सरकारी रुग्णालयात, परिचारिका म्हणून. टेबलावर येणाऱ्या तक्रारी फार वेगवेगळ्या नसतात. त्यातली एक तर इतक्या वेळा येते की समोरचा माणूस खुर्चीत टेकायच्या आत मला अंदाज येतो: गोळी रोज चालू आहे, मशीन १३०/८० च्या आसपास दाखवतं, तरी चक्कर येते. काहींचं उलटं असतं. चक्कर आली की घाबरून मोजतात, तेव्हा १६० दिसतात, आणि मग स्वतःच्या मनाने एक गोळी जास्त घेऊन बसतात.

बहुतेक वेळा कारण सापडतं आणि पुष्कळदा फुकटात सापडतं. क्रम मात्र पाळावा लागतो. लोक थेट मेंदूच्या एमआरआयपासून सुरुवात करतात आणि गोळ्यांचा डबा शेवटपर्यंत कोणी उघडून बघत नाही.

लक्षणं नीट सांगा

‘चक्कर येते’ एवढ्यावरून काहीच कळत नाही. मी विचारते ते असं.

उठताना येते का? अंथरुणातून, देवासमोरून, एसटीच्या सीटवरून, शौचावरून उठलं की डोळ्यांपुढे अंधारी, पाय हलके, आणि परत बसलं की बरं. ही रक्तदाबाची चक्कर. या लेखाचा मोठा भाग तिच्याबद्दल आहे.

अंथरुणात कूस बदलली, किंवा माळ्यावरचा डबा काढायला मान वर केली, की खोली गरागरा फिरते आणि मिनिटाच्या आत थांबते? ही बहुधा कानातली. बीपीच्या गोळीशी तिचा संबंध नसतो. कान-नाक-घशाचे डॉक्टर डोकं विशिष्ट क्रमाने वळवून ती पुष्कळदा तिथल्या तिथे बरी करतात.

घाम, थरथर, छातीत धडधड, भूक, आणि मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू? आधी साखर बघा, बीपी नंतर.

गोळी घेतल्यावर तास-दोन तासांनी डोकं जड होतं? जेवण झाल्यावर गळून जायला होतं? दिवसभर नुसताच अशक्तपणा आणि चालताना झोकांड्या? हे सगळं वेगवेगळं आहे, आणि कारणंही वेगवेगळी.

आता पुढच्या यादीतलं काही असेल तर हे वाचणं इथेच थांबवा आणि १०८ ला फोन करा. अचानक तोंड वाकडं होणं, एका बाजूचा हात किंवा पाय लुळा पडणं, बोलणं अडखळणं किंवा असंबद्ध होणं, एकाचे दोन दिसणं, उभंच राहता न येणं, आजवर कधी झाली नाही अशी डोकेदुखी, छातीत दुखणं, दम लागणं, पूर्ण शुद्ध हरपणं, डांबरासारखी काळी शौच होणं. अशा वेळी बीपी मोजत बसू नका. पक्षाघातात गुठळी विरघळवणारं इंजेक्शन सुरुवातीच्या साडेचार तासांतच देता येतं, आणि त्यातला निम्मा वेळ घरात ‘थोडं पडून बघू’ म्हणण्यात जातो. रक्त पातळ करणारी गोळी चालू असताना चक्कर येऊन डोक्यावर पडलात तर बाहेरून काही दिसत नसलं तरी रुग्णालयात जायचं.

पहिली तपासणी: एक वही

खर्च नाही, डोकं लागत नाही, म्हणून लोक हीच टाळतात. चक्कर आली की चार गोष्टी लिहा: किती वाजता, त्या आधी काय करत होतो, शेवटची गोळी कधी घेतली, शेवटचं खाणं कधी. आठवडाभर लिहिलं की निम्म्या लोकांचं कारण पानावरच दिसायला लागतं. रोज दहाच्या सुमारास चक्कर आणि गोळी साडेआठला. किंवा फक्त सोमवारी, म्हणजे उपवासाच्या दिवशी. किंवा फक्त गरम पाण्याच्या आंघोळीनंतर.

बीपीचे आकडे लिहिताना वेळ आणि बसून-झोपून-उभं यापैकी काय, हे पुढे लिहायलाच हवं. नुसते ‘१४२/८६’ लिहून आणलेल्या याद्या मी पुष्कळ पाहिल्या आहेत. त्यातून डॉक्टरांनाही काही मिळत नाही. घरात दोघं नवरा-बायको एकच मशीन वापरत असतील तर मशीनच्या मेमरीवर तर अजिबात विसंबू नका. काकांचा आकडा काकूंच्या खात्यात आणि उलट, हे नेहमीचं.

दुसरी: मोजण्याची पद्धत

चक्करेचं कारण शोधण्याआधी आकडा खरा आहे का, हे ठरवायला हवं. खोटा जास्त आकडा बघून डोस वाढला तर चक्कर त्या वाढीव डोसची असते. हा फेरा मी इतक्यांदा पाहिला आहे की आता कोणी ‘डोस वाढवला तरी आकडा खाली येत नाही आणि वर चक्कर’ म्हणालं की मी आधी ते कसे बसतात ते बघते.

पाठ टेकलेली, दोन्ही पाय जमिनीवर, पायावर पाय नाही. म्हणजे खुर्चीच हवी. पलंगाच्या कडेवर लोंबकळत बसून चालत नाही. मोजण्याआधी पाच मिनिटं शांत बसायचं. अर्धा तास आधीपासून चहा, तंबाखू, मिश्री, व्यायाम काही नाही. मिश्री मुद्दाम लिहिली, कारण ‘तंबाखू खाता का’ विचारलं की बायका नाही म्हणतात आणि सकाळची मिश्री त्यात धरतच नाहीत. लघवी करून या. तुंबलेल्या लघवीनेही आकडा चढतो. मोजताना बोलायचं नाही, टीव्हीवरच्या बातम्याही बंद.

हात टेबलावर, पट्टा छातीच्या मध्याच्या उंचीवर. हात दहा सेंटिमीटर खाली असला तर आकडा साधारण सात-आठने फुगतो. पट्टा उघड्या दंडावर बांधायचा. घट्ट ब्लाउजची बाही किंवा वर गुंडाळून काचणारी शर्टाची बाही, दोन्हीने गडबड होते. एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा आणि दोन्ही लिहा. पहिला आकडा जरा जास्त यायचाच, तो खोडायचा नाही.

घरी असं मोजून सरासरी १३५/८५ च्या खाली असेल तर साधारणपणे बीपी ताब्यात आहे असं धरतात. दवाखान्यात हीच रेषा १४०/९० धरली जाते, कारण पांढरा कोट बघून बऱ्याच जणांचा आकडा चढतो. तुमच्यासाठी डॉक्टरांनी वेगळी रेषा सांगितली असेल तर अर्थात तीच खरी.

तिसरी: पट्टा आणि मशीन

मशीनपेक्षा पट्टा जास्त वेळा चुकीचा असतो. दुकानातल्या मशीनसोबत येणारा पट्टा बहुतेक २२ ते ३२ सेंटिमीटर घेराच्या दंडासाठी असतो; पट्ट्यावर तसं छापलेलंही असतं. शिंप्याची टेप घेऊन खांदा आणि कोपर यांच्या मध्यावर दंड मोजा. जाड दंडावर लहान पट्टा बांधला की आकडा खोटा वाढतो. उलट, वाळलेल्या आजींच्या दंडावर मोठा पट्टा सैल बसतो आणि आकडा खोटा कमी येतो, मग घरचे ‘बीपी लो झालं’ म्हणून मीठपाणी पाजतात. वेगळ्या मापाचा पट्टा सुटा विकत मिळतो, मात्र तो तुमच्याच मशीनचा हवा.

मनगटावरची मशीनं मला पसंत नाहीत. हात थोडा वर-खाली झाला की आकडा बदलतो. दंडावरचंच घ्या. बॅटरी उतरली असेल तर बदला. पुढच्या वेळी दवाखान्यात जाताना मशीन पिशवीत घालून न्या आणि त्याच बैठकीत दोन्हीकडे मोजून बघा. पाच-सातचा फरक चालतो. दरवेळी दहाहून जास्त फरक पडत असेल तर त्या मशीनवर पुढचे निर्णय घेऊ नका.

पहिल्यांदा मोजताना दोन्ही दंडांवर मोजा. ज्या हाताचा आकडा नेहमी जास्त येतो तोच हात पुढे कायम धरायचा. फरक सतत पंधराच्या वर असेल तर डॉक्टरांना सांगा. तो हाताच्या रक्तवाहिनीच्या अडथळ्याचा इशारा असू शकतो. पडद्यावर अनियमित ठोक्यांची खूण वरचेवर दिसत असेल तर तेही सांगा. हृदयाची लय बिघडलेली असताना या मशीनचा आकडा भरवशाचा राहत नाही, आणि लयीचा बिघाड हेच चक्करेचं मूळ असू शकतं.

चौथी: उभं राहून मोजा

हीच ती तपासणी जी जवळजवळ कोणीच करत नाही. चक्कर येते उठताना, आणि बीपी मोजतो आपण बसून, तेही चक्कर गेल्यावर. मग आकडा नॉर्मल येणार नाही तर काय होणार?

आपण उभे राहिलो की अर्धा ते एक लिटर रक्त पोटात आणि पायांत उतरतं. मानेतल्या मोठ्या रक्तवाहिन्यांत दाब ओळखणारी यंत्रणा असते. ती लगेच नाडी वाढवते, रक्तवाहिन्या आवळते आणि मेंदूचा पुरवठा टिकवते. वय वाढलं, मधुमेह जुना झाला की ही यंत्रणा मंदावते. त्यात बीपीच्या गोळ्या रक्तवाहिन्या सैल करणार, काही शरीरातलं पाणी कमी करणार, काही नाडीला लगाम घालणार. म्हणजे उभं राहताना जे व्हायला हवं त्यातलं काहीतरी त्यांनी अडवलेलं असतं. बसून १३० असलेला माणूस उभा राहिल्यावर १०० वर येतो आणि मशीनला त्याचा पत्ता नसतो.

कसं मोजायचं ते सांगते. एकट्याने करू नका, जवळ कोणीतरी हवं आणि मागे खुर्ची किंवा पलंग हवा. पट्टा बांधून पाच मिनिटं सरळ झोपा. मोजा. पट्टा न काढता उभे राहा. एका मिनिटाने मोजा, तीन मिनिटांनी परत मोजा. उभं असताना हात खाली सोडायचा नाही. कपाटाच्या कप्प्यावर किंवा जवळच्या माणसाच्या खांद्यावर छातीच्या उंचीला टेकवायचा. लोंबता हात आकडा फुगवतो आणि नेमकी आपल्याला हवी असलेली घट झाकून टाकतो. मध्येच अंधारी आली तर खाली बसा. तेच उत्तर आहे, आकडा पूर्ण करायचा हट्ट नको.

वरचा आकडा २० किंवा त्याहून जास्त, किंवा खालचा १० किंवा त्याहून जास्त उतरला, तर कारण हाती लागलं. घट इतकी नसली पण उभं राहिल्यावर वरचा आकडा शंभराच्या खाली आणि चक्कर, तरी डॉक्टरांना दाखवण्यासारखंच आहे.

नाडीही लिहा. बीपी घसरलं आणि नाडी चांगलीच वर गेली, तर शरीरात पाणी कमी आहे किंवा कुठून रक्त जातंय, अशी शंका घ्यायची. बीपी घसरलं आणि नाडी जागची हललीच नाही, तर नसांचा दोष किंवा नाडी मंदावणारी गोळी. डॉक्टरांना या एका ओळीने फार मदत होते.

ही तपासणी दोन वेळांना करा: सकाळी उठल्या उठल्या गोळीच्या आधी, आणि ज्या वेळी नेहमी चक्कर येते त्या वेळी. जेवणानंतर येत असेल तर जेवण झाल्यावर तास-दीड तासाने. उतारवयात भरपेट जेवणानंतर रक्त आतड्यांकडे वळतं आणि दाब उतरतो. त्यावर थोडं थोडं जेवणं आणि जेवल्यावर लगेच ताडकन न उठणं, एवढ्यानेही बराच फरक पडतो.

एक इशारा. घट सापडली म्हणजे गोळी बंद करायची, असा अर्थ नाही. झोपून १७० आणि उभं राहून १३० असणारेही असतात. त्यांची गोळी बंद केली तर झोपेत दाब आणखी चढतो आणि उठतानाची घट वाढूही शकते. हा हिशोब डॉक्टरांचाच.

पाचवी: गोळ्यांचा डबा ओता

माझ्या टेबलावर सगळ्यात जास्त प्रकरणं इथे सुटतात. घरात असतील नसतील तेवढी पाकिटं, बाटल्या, पुड्या, चूर्णं, सगळं एका टेबलावर ओता. ब्रँडचं मोठं नाव सोडा; त्याखाली बारीक अक्षरात छापलेलं औषधाचं मूळ नाव वाचा. दिसत नसेल तर मोबाइलवर फोटो काढून मोठा करा, नाहीतर नातवाला बसवा.

पहिलं शोधायचं ते डबल. रुग्णालयातून घरी येताना नवीन ब्रँडची टेल्मिसार्टन ही बीपीची गोळी मिळते, घरची जुन्या ब्रँडची टेल्मिसार्टन चालूच असते. दोन वेगळी नावं, दोन वेगळे रंग, औषध एकच. नावापुढच्या अक्षरांनीही असंच होतं. बहुतेक ब्रँडांत ‘एच’ म्हणजे आत पाण्याची गोळी, म्हणजे लघवीवाटे शरीरातलं पाणी काढणारी, मिसळलेली, ‘एएम’ म्हणजे अ‍ॅम्लोडिपिन ही बीपीचीच दुसरी गोळी मिसळलेली. एएम असलेली गोळी चालू आणि शिवाय सुटी अ‍ॅम्लोडिपिनही चालू, असं सर्रास असतं. जनऔषधी केंद्रातून घेणाऱ्यांना एक फायदा आहे: तिथे गोळी मूळ नावानेच मिळते, त्यामुळे डबल लवकर पकडता येतं.

दुसरं, दुसऱ्या डॉक्टरांच्या गोळ्या. प्रोस्टेटसाठीच्या टॅम्सुलोसिन, सिलोडोसिन यांनी दाब उतरतो. रात्री लघवीला उठताना पडलेल्या आजोबांच्या डब्यात मी आधी याच शोधते. प्राझोसिन तर पहिल्या डोसलाच दाब उतरवून माणसाला आडवं पाडू शकते, म्हणून ती रात्री झोपताना सुरू करतात. हातापायांना येणाऱ्या मुंग्यांसाठीची अ‍ॅमिट्रिप्टिलिन, कंपवाताच्या गोळ्या, झोपेच्या गोळ्या, मधुमेहाची डापाग्लिफ्लोझिन जी लघवीवाटे पाणीही काढते, हे सगळं याच हिशोबात येतं. पुरुष एक गोळी सांगत नाहीत: सिल्डेनाफिल किंवा टाडालाफिल. छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेट ज्यांच्याकडे आहे त्यांनी या गोळ्या घेतल्या तर बीपी जिवावर बेतेल इतकं कोसळतं. बायकोसमोर सांगायची लाज वाटत असेल तर डॉक्टरांना एकट्याने सांगा, पण सांगा.

तिसरं, आकडा चढवणाऱ्या गोष्टी. गुडघेदुखीवरची डायक्लोफेनॅक आणि तिची भावंडं. सर्दीच्या गोळ्यांतली फिनायलेफ्रिन. पोटातल्या वायूसाठी रोज घेतलेला सोड्याचा फसफसणारा ग्लास, ज्यात भरपूर सोडियम असतं. खोकल्यासाठी रोज चघळलेला ज्येष्ठमध, जो दाब वाढवतो आणि पोटॅशियम घालवतो. यांनी आकडा चढतो, म्हणून डोस वाढतो, आणि गुडघेदुखी थांबून त्या गोळ्या बंद झाल्या की तोच वाढीव डोस जास्त होतो. टेल्मिसार्टनसारखी गोळी, पाण्याची गोळी आणि डायक्लोफेनॅक ही तिन्ही एकत्र तर मूत्रपिंडाला धोक्याची; उन्हाळ्यात अधिकच.

आणि चक्करेवरची गोळी! मेडिकलवाल्याकडून आणलेली प्रोक्लोरपेराझिन किंवा सिनारिझिन महिनोन्‌महिने चालू असते. प्रोक्लोरपेराझिनमुळे उभं राहताना बीपी घसरतं, आणि म्हाताऱ्या माणसात या दोन्हींमुळे कंपवातासारखा हात थरथरणं, चाल मंदावणं सुरू होऊ शकतं. चक्कर थांबवायला घेतलेली गोळीच चक्कर देते. डॉक्टरांनी ठरावीक दिवसांसाठी दिली असेल तर तेवढेच दिवस.

डबा ओतल्यावर आणखी एक गोष्ट कळते: गोळ्या खरोखर रोज घेतल्या जातात का. आज आकडा कमी म्हणून सुट्टी, उद्या जास्त म्हणून दोन, असं खूप जण करतात. त्याने काही साधत नाही. अ‍ॅम्लोडिपिन शरीरात हळूहळू साठते आणि तिचा अंमल कित्येक दिवस राहतो. आजची चुकवली म्हणून आजची चक्कर थांबत नाही, आकडा मात्र पुढच्या आठवड्यात वरखाली नाचतो. विसरलेली गोळी त्याच दिवशी आठवली तर घ्या, दुसऱ्या दिवशी आठवली तर सोडून द्या, भरपाई म्हणून दोन नकोत. मेटोप्रोलोल, अ‍ॅटेनोलोल किंवा क्लोनिडिन एकदम बंद करणं तर साफ चूक. क्लोनिडिन अचानक तोडली तर बीपी उसळून धोकादायक पातळीला जाऊ शकतं.

गोळी सकाळी की रात्री, हा प्रश्नही इथलाच. ब्रिटनमध्ये २१ हजारांहून जास्त रुग्णांवर झालेल्या आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, हृदयविकार आणि पक्षाघात टाळण्याच्या बाबतीत सकाळ-संध्याकाळ असा फरक पडला नाही. म्हणजे चक्करेमुळे वेळ बदलायची असेल तर डॉक्टरांना तसं विचारायला हरकत नाही. पाण्याची गोळी तेवढी रात्री नको. लघवीला उठणं वाढतं आणि अंधारात पडणंही.

सहावी: पाणी, मीठ, ऊन, उपवास

मे महिन्यात आमच्याकडे पारा ४४-४५ ला टेकतो. हिवाळ्यात बसवलेला डोस तेव्हा बऱ्याच जणांना जास्त होतो, कारण उन्हाने रक्तवाहिन्या आधीच सैलावलेल्या आणि घामाने पाणी-मीठ गेलेलं. दरवर्षी मार्च-एप्रिलमध्ये एकदा आकडे घेऊन डॉक्टरांना भेटलं तर पुढचे तीन महिने सुखाचे जातात.

निर्जळी एकादशी आणि पाण्याची गोळी यांचं जमत नाही. नवरात्रात नऊ दिवस चहा-साबुदाण्यावर राहणाऱ्यांनी सुरुवातीलाच डॉक्टरांना विचारावं, सातव्या माळेला आडवं झाल्यावर नको. जुलाब-उलट्या सुरू झाल्या तर त्याच दिवशी फोन करा. पाण्याच्या आणि टेल्मिसार्टन-लोसार्टनसारख्या गोळ्या तेवढ्यापुरत्या थांबवायला डॉक्टर सांगू शकतात, आणि पुन्हा कधी सुरू करायच्या तेही त्यांच्याकडूनच घ्यायचं.

चक्कर आली की लिंबू-मीठ-पाणी, ही सवय करू नका. दिवसाला सगळं मिळून पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट चमचाभर मीठ, हीच मर्यादा. पापड-लोणचं त्यातच आलं. ‘लो सोडियम’ मीठ आणलं असेल तर त्यात पोटॅशियम असतं. टेल्मिसार्टन, लोसार्टन, स्पायरोनोलॅक्टोन घेणाऱ्यांनी आणि मूत्रपिंडाचा आजार असणाऱ्यांनी ते विचारल्याशिवाय वापरू नये.

तोवर उठण्याची पद्धत बदला, हे आजपासून करता येतं. उठण्याआधी पडल्या पडल्या पावलं दहा-पंधरा वेळा वर-खाली, मग कडेवर बसून मिनिटभर, मग धरून उभं राहणं. उठण्याआधी मोठा पेलाभर पाणी प्यायल्यानेही फरक पडतो. हृदय किंवा मूत्रपिंडासाठी पाणी मोजून प्यायला सांगितलेल्यांनी हे करू नये. आंघोळ स्टुलावर बसून, पाणी कोमट. पुरुषांनी रात्रीची लघवी बसून करावी. चक्कर आलीच तर असाल तिथे बसा किंवा आडवे व्हा, पाय उशीवर घ्या. भिंत धरून पलंगापर्यंत जायच्या प्रयत्नात माकडहाड मोडून घेतलेली माणसं मी पाहिली आहेत.

सातवी: साखर आणि नाडी

ग्लुकोमीटर असेल तर चक्कर आलेल्या क्षणी साखर बघा. ७० च्या खाली असेल तर लगेच तीन चमचे साखर पाण्यात, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासणी, आणि त्या दिवशी डॉक्टरांना फोन. नाडी स्वस्थ बसलेली असताना पन्नासच्या खाली आणि सोबत चक्कर, तर त्याच दिवशी ईसीजी.

इथे थांबा, आता डॉक्टर

घरात करण्यासारखं एवढंच. यापुढे रक्ततपासणी लागते: सोडियम, पोटॅशियम, क्रिएटिनिन, हिमोग्लोबिन. पाण्याच्या गोळीने सोडियम उतरलेल्या आजी नुसत्या चक्करेची तक्रार करत नाहीत. त्या गोंधळतात, बोलताना हरवतात, आणि घरचे ‘वय झालं’ म्हणतात. गरज पडली तर चोवीस तास बीपी नोंदवणारं यंत्र लावतात, म्हणजे झोपेतला आणि गोळीनंतरचा दाब दोन्ही कळतात. या तपासण्या स्वतःहून लॅबमध्ये जाऊन करू नका. कुठली हवी ते वही बघून ठरतं, आणि पैसेही वाचतात.

वरचा आकडा ९० च्या खाली आणि गळून गेल्यासारखं होत असेल तर लगेच रुग्णालय. १०० च्या खाली आणि चक्कर असेल तर पुढची गोळी घेण्याआधी फोन. १८०/१२० किंवा जास्त दिसलं तर पाच मिनिटं शांत बसून पुन्हा मोजा. तरी तेवढंच असेल आणि त्रास काही नसेल तर त्याच दिवशी डॉक्टर, आणि छातीत दुखणं, दम, दिसण्या-बोलण्यात फरक असं काही असेल तर १०८. शेजाऱ्याने सांगितलं म्हणून निफेडिपिनची कॅप्सूल फोडून जिभेखाली टाकू नका. दाब एकदम कोसळून त्यातूनच पक्षाघात झाल्याची उदाहरणं आहेत.

नवीन गोळी सुरू होऊन आठवडा-दोन आठवडेच झाले असतील आणि हलकं हलकं वाटणं सौम्य असेल, तर ते पुष्कळदा आपोआप निवतं. वाढलेल्या दाबाची सवय झालेल्या शरीराला खालच्या दाबाशी जुळायला वेळ लागतो. डॉक्टरांच्या कानावर घालून थोडी कळ काढायला हरकत नाही. पडायला झालं, किंवा दिवसेंदिवस वाढतंय, तर मात्र थांबू नका.

दवाखान्यात जाताना वही, मशीन, आणि गोळ्यांची सगळी पाकिटं पिशवीत. यादी नको, पाकिटंच. खुर्चीत बसल्यावर पहिलं वाक्य ‘चक्कर येते’ असं नको. ‘झोपून १३८/८२, उभं राहिल्यावर एका मिनिटाने ११०/७०, नाडी ७२ ची ७४, गोळी साडेआठला’ असं सांगा. डॉक्टर डोस कमी करतील, दोन वेळांत वाटतील किंवा एखादी गोळी बदलतील. बदल झाल्यावर साधारण दोन आठवड्यांनी झोपून-उभं राहून हीच मोजणी पुन्हा करा आणि त्याच वहीत, जुन्या आकड्यांच्या शेजारी लिहा.